अंबड-सातपूरच्या छोट्या कारखानदारांसाठी : माणसं ठेवताना कागद कसे करायचे

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या कारखान्यांचं कामगारविषयक कामकाज मी बघते. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), प्रेस शॉप, पावडर कोटिंग, बारा ते चाळीस माणसांच्या शेड. मालक बहुतेक स्वतः मशीनवर उभे राहून पुढे आलेले, कामात चोख. पण व्हेंडर ऑडिट (माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची तपासणी) लागलं किंवा कामगार कार्यालयाची नोटीस आली, की मग फोन येतो, "मॅडम, जरा कागद करून द्या ना." मागच्या तारखेचे कागद मी करत नाही, आणि तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका. शेडमध्ये जे खरंच घडतं तेच, ज्या दिवशी घडतं त्याच दिवशी, कागदावर यायला हवं. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेला नमुना अजून वापरत असाल तर तो बाजूला ठेवा.

आधी डोकी मोजा

दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा), ग्रॅच्युइटी, मातृत्व लाभ आणि महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ आणि बोनस. मोजताना मालक फक्त स्वतःच्या हजेरीपुस्तकातली नावं धरतात. पीएफसाठी ठेकेदाराकडून आलेले हेल्परही मोजले जातात. समितीसाठी तर ट्रेनी, अप्रेंटिस आणि सकाळी तासभर झाडायला येणाऱ्या मावशीसुद्धा. "आमचे नऊच आहेत" म्हणणाऱ्या शेडमध्ये दुपारी जेवणाच्या सुट्टीत उभं राहून मोजलं, तर आकडा वेगळाच निघतो.

नेमणूकपत्र, आणि तो 'ब्रेक'

आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावंच लागतं, हेल्परलासुद्धा. मराठीत द्या. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मुलाला इंग्रजी पत्रावर सही करायला लावलीत, तर त्याला काही कळत नाही आणि उद्या वाद झाला तर तुमच्याही कामाला येत नाही. हुद्दा, रुजू तारीख, पगाराची फोड, कामाचे तास, सुट्टी आणि नोटीस इतकं एका पानात बसतं. दोन प्रती काढा. एक त्याला द्या, दुसरीवर 'प्रत मिळाली' असं त्याच्याच हाताने लिहून घ्या.

आता ब्रेकबद्दल. सहा-सात महिने झाले की माणसाला पंधरा दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, म्हणजे सलग एक वर्षाची नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरत नाहीत, ही चाल आपल्या एमआयडीसीत इतकी मुरली आहे की काही मालकांना तोच नियम वाटतो. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. कामगार न्यायालयात हजेरी आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं की ब्रेकचा साचा लगेच उघडा पडतो. आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी, हात बसलेला ऑपरेटर पंधरा दिवस घरी बसला की समोरच्या शेडमध्ये लागतो.

काम खरंच ठरावीक मुदतीचं असेल, एखादी ऑर्डर वर्षभराचीच असेल, तर मुदतीची नेमणूक करा. कायद्यात ती सोय आहे. त्या माणसाला कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्याव्या लागतात आणि एक वर्ष झालं तरी ग्रॅच्युइटी लागते, पण मुदत संपली की ती नोकरकपात (रिट्रेंचमेंट) धरली जात नाही. काम बारमाही असेल तर सरळ कायम करा.

पगाराची फोड आणि ओटी (ओव्हरटाइम)

मूळ पगार कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची पद्धत आता चालत नाही. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तुमच्या क्वालिटी इंजिनिअरला ४०,००० मिळतात असं समजा. त्यांत मूळ पगार १४,००० आणि भत्ते २६,०००. भत्ते २०,००० पर्यंतच वगळता येतात. उरलेले ६,००० मूळ पगारात मिळवायचे, म्हणजे वेतन झालं २०,०००. ग्रॅच्युइटी वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं या हिशेबाने निघते. दहा वर्षांची १४,००० वर सुमारे ८०,७७० होते, २०,००० वर सुमारे १,१५,३८०. हा फरक उद्या द्यायचाच आहे, तर आजच्या खर्चात धरा.

ओटी डबल रेटने. बारा तासांची शिफ्ट चालवून वरचे चार तास सिंगलने देणाऱ्या शेड मला माहीत आहेत. बहुतेक ठिकाणी ते चार तास हजेरीत दाखवलेलेच नसतात, पैसे पाकिटातून जातात. ऑडिटला हजेरी मागतात, पण बरोबर मशीनचं प्रॉडक्शन रजिस्टरही मागतात. रात्री नऊला काढलेल्या पार्टची नोंद असते आणि हजेरी मात्र पाचला संपलेली. तिथेच सगळं अडकतं.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. उचल दिली असेल तर सही घेऊन लिहा, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. खाड्याचे पैसे खाड्याइतकेच कापा. एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापणं बेकायदेशीर आहे आणि माणसाच्या मनातून ते कधी जात नाही.

ईएसआय, पीएफ आणि ठेकेदाराचं चलन

ईएसआयची नोंद माणूस रुजू होतो त्याच दिवशी करा. "महिनाभर बघू, टिकला तर करू" हे मी फार ऐकते, आणि प्रेसखाली बोट जायला महिना लागत नाही. दरमहा २१,००० पर्यंतच्या पगाराला मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, एवढ्यात त्याला सातपूरच्या ईएसआय रुग्णालयाचे उपचार मिळतात. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ताही मिळतो. नोंद नसेल तर तो सगळा भार तुमच्यावर येतो.

पीएफचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव, जन्मतारीखही. आधारवर 'दत्तू' आणि शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रय' अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. रुजू होताना पाच मिनिटांत मिटणारी ही गोष्ट, पोरीच्या लग्नाला पैसे काढायची वेळ आली की त्याला महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावते.

ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्याकडून नुसतं चलन घेऊ नका. चलनावर फक्त एकूण रक्कम असते, ती कुठल्याही साइटच्या माणसांची असू शकते. त्यासोबतची ईसीआर, म्हणजे पीएफ भरलेल्या माणसांची महिन्याची यादी मागा. तिच्यात नावं आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) असतात. तुमच्या गेट रजिस्टरसमोर धरून एकेका नावावर टिक करा. जे नाव गेटवर आहे पण यादीत नाही, त्याचा पीएफ उद्या तुमच्याकडून वसूल होतो, कारण मूळ मालक तुम्ही.

न सांगता गायब झालेला माणूस

दिवाळी झाली, द्राक्षांची कामं निघाली की दरवर्षी हे होतं. माणूस येत नाही, फोन बंद. सुपरवायझर कुणाकरवी निरोप धाडतो, "आता येऊ नको म्हणावं." या एका वाक्याने गैरहजर माणूस 'काढलेला माणूस' होतो. असा निरोप कुणालाही देऊ देऊ नका.

त्याऐवजी पाच-सहा दिवस वाट बघून घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. भाषा साधी ठेवा: "आपण दि. अमुक पासून पूर्वसूचना न देता कामावर गैरहजर आहात. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत कामावर हजर व्हावे व गैरहजेरीचे कारण लेखी द्यावे. आजारपण असल्यास वैद्यकीय दाखला आणावा." खाली तुमची सही, तारीख. पोस्टाची पावती पत्राच्या कार्यालयीन प्रतीला टाचा. व्हॉट्सअॅपवर फोटोही टाका, पण पोस्ट चुकवू नका. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र.

तो परत आला तर कामावर घ्या. पुष्कळदा घरात कुणी वारलेलं असतं, नाहीतर बायको दवाखान्यात असते. सवयच असेल तर मग आरोपपत्र, बाहेरचा चौकशी अधिकारी, त्याला बाजू मांडायची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी, अहवाल, आणि शिक्षेआधी कारणे दाखवा नोटीस. चौकशी चालू असताना निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायचा सल्ला देणारा कुणी भेटला, तर त्याचं ऐकू नका. ती सही कशी घेतली हे तो माणूस न्यायालयात सांगतो.

अंतर्गत समिती

"आमच्याकडे दोनच बायका आहेत, त्याही घरच्यासारख्या." दोन असल्या तरी, दहा माणसं असतील तर समिती हवी. २०१३ च्या कायद्याने अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. मालकाच्या पत्नीचं नाव अध्यक्ष म्हणून टाकू नका. पॅकिंगवर बसणारी मुलगी साहेबांच्या घरच्यांसमोर तोंड उघडेल का, एवढंच स्वतःला विचारा. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

सदस्यांची नावं आणि फोन नंबर फलकावर लावा. फलक केबिनमध्ये नको, महिलांच्या स्वच्छतागृहाजवळ किंवा हजेरीच्या पंचिंग मशीनशी, जिथे थांबून वाचता येईल. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करता येते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हेही फलकावर लिहा. हे लिहायला मालक कचरतात. मी आग्रह धरते, कारण ते वाक्य वाचल्यावरच फलकावरच्या बाकी मजकुरावर विश्वास बसतो.

माणूस जाताना

राजीनामा असो वा नोकरकपात, वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. "पुढच्या पगाराबरोबर बघू" आता चालणार नाही, तेव्हा उचल आणि शिल्लक रजा यांची नोंद दर महिन्याला अद्ययावत ठेवा. नोकरकपात असेल, आणि माणूस वर्षभर सलग कामावर असेल, तर एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ३० दिवसांच्या आत. अनुभवाचा दाखला हिशेबाबरोबरच द्या, अडकवून ठेवू नका. आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख त्याच आठवड्यात भरा. ती राहिली तर त्याचे पैसे काढायचे आणि बदलीचे अर्ज अडतात, आणि तो पुन्हा तुमच्याच गेटवर येऊन बसतो.