मुलाखतीला जाण्याआधी 'हॅव'चं एवढं बघून घ्या

इंदूरला भंवरकुआँच्या एका क्लासमध्ये मी मुलाखतीचं इंग्रजी शिकवतो. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांवर डोळा ठेवून येणारी ही मुलं. त्यांतली बरीच मराठी. घरी मराठी, रस्त्यावर 'भिया'वाली हिंदी. मोठमोठे शब्द पाठ असतात, गाडी अडते ती 'हॅव'पाशी.

अडणारच. या कामाचं एक क्रियापद ना मराठीत, ना हिंदीत. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे लॅपटॉप आहे, घराला गच्ची आहे. आपण प्रत्यय बदलतो, 'आहे' तेच. इंग्रजीत भाऊ, लॅपटॉप, गच्ची, सगळ्यांना 'हॅव' नाहीतर 'हॅज'. पण 'आहे' डोक्यात असल्यामुळे तोंडातून 'ॲम' निघतो आणि होतं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. अशा वेळी मनात 'चाललंय' लावून बघायचं. जेवण चाललंय, मीटिंग चाललीय. तिथे 'वी आर हॅविंग लंच', 'हॅविंग अ मीटिंग' बरोबर. भाऊ काही चाललेले नसतात, म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'.

मुलाखतीत खरी गोची वेगळीच. 'मी २०२२ ला बीकॉम केलंय' हे मराठीत बिनचूक. तेच उचलून मुलं म्हणतात, 'आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम इन २०२२'. साल, काल, गेला महिना, असं काही आलं की 'हॅव' काढायचा: 'आय कम्प्लीटेड बीकॉम इन २०२२'. साल सांगायचं नसेल तर 'हॅव' खुशाल राहू द्या.

आणि बरोब्बर उलटं 'सिन्स'चं. सराव मुलाखतीत परवा एक मुलगी म्हणाली, "आय ॲम वर्किंग देअर सिन्स २०२३."

"आय हॅव बीन वर्किंग," मी म्हटलं.

"पण सर, सोडली नाहीये नोकरी. अजून करतेय ना!"

"म्हणूनच."

तिला पटलं नाही. तिचंही बरोबर होतं म्हणा, 'मी २०२३ पासून काम करतेय' यात भूतकाळ कुठे दिसतो? पण इंग्रजी 'पासून'कडे बघतं: तेव्हा सुरू झालं, आजही चालू, म्हणून 'हॅव बीन'. स्वतःच्या नोकरीचं, शिक्षणाचं, इंदूरला राहण्याचं एकेक वाक्य असं मोठ्यानं म्हणून बघा. हे तिन्ही प्रश्न हमखास येतात.

केस कापल्याचं सांगताना 'आय कट माय हेअर' म्हणालात तर कात्री तुमच्याच हातात होती असा अर्थ होतो. न्हाव्यानं कापले असतील तर 'आय हॅड माय हेअर कट'.

'हॅव टू', म्हणजे 'करावं लागतं', हे बोलताना 'हॅफ्टू' असं ऐकू येतं. फोनवर परदेशी क्लायंट असेल तर 'हाफ' समजून बसू नका. आणि 'आय हॅड हॅड लंच' (माझं जेवण आधीच झालं होतं) अशा 'हॅड हॅड'चा बाऊ नको. फ्रेशरच्या मुलाखतीत त्याची पाळी क्वचितच येते.