मृगाचा पाऊस येण्याआधी पक्ष्यांचं भांडं घासून घ्या

कालावधी : मेअखेर ते जुलैचा मध्य
कोणासाठी : मुंबई-ठाण्यातल्या गॅलरीत, गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत झाडं लावणारे आणि पक्ष्यांना दाणापाणी ठेवणारे

मुंबईत पाऊस 11 जूनच्या आसपास धरतात. पण 2025 साली तो 26 मेलाच येऊन ठेपला आणि कित्येकांची उन्हाळी आवराआवर तशीच राहिली. त्यामुळे यंदा तारखेवर विसंबू नका. संध्याकाळी पश्चिमेला ढग जमायला लागले की बाकीची कामं बाजूला ठेवा. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं खाली उतरवा आणि काथ्याने घासा. नुसतं विसळून भागणार नाही.

दर वर्षी 20 मार्चला, चिमणी दिनाला, ठिकठिकाणी मातीची भांडी वाटली जातात. लोक हौसेने ती गॅलरीत टांगतात आणि एप्रिलभर नेमाने पाणी घालतात. पण घालतात म्हणजे वरून तांब्याभर ओततात. भांडं रिकामं करून घासणारं घर मला क्वचितच सापडतं. मेच्या शेवटी अशा भांड्यात बोट फिरवलं तर हिरवा बुळबुळीत थर बोटाला येतो, तळाशी विष्ठा आणि भिजलेली कणी कुजत पडलेली असते. आणि घरातली माणसं विचारतात, "आधी बुलबुल यायचे हो, आता का येत नाहीत?" ही माणसं माया करणारी आहेत, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

पाणी ओतून नुसतं रिकामं केल्याने का भागत नाही, ते सांगतो. डेंग्यूचा डास, एडिस, अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला तो ती चिकटवतो. भांडं उन्हात तिरकं धरून आतली कड बघा. खसखशीहून बारीक काळे ठिपके दिसले तर ती ही अंडी असू शकतात. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने टिकतात, आणि पाण्याची पातळी चढून ती भिजली की फुटतात. म्हणजे रोज वरून पाणी ओतणारा माणूस आपल्याच हाताने ती उबवत असतो. मुंबईच्या उकाड्यात अळीपासून डास व्हायला आठवडा पुरतो. पालिका सांगते तो आठवड्याचा 'कोरडा दिवस', म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, जरूर पाळा. पण भांडं घासलं नाही तर त्या कोरड्या दिवसाने अंडी जात नाहीत.

हा त्रास फक्त माणसांना नाही. पक्ष्यांनाही देवी येते. चोचीच्या मुळाशी, डोळ्याभोवती, पायांवर चामखिळीसारख्या गाठी दिसतात. ही देवी डास चावून पसरते, तशीच अनेक पक्षी बसतात त्या घाणेरड्या काठावरूनही पसरते. कबुतरांच्या घशात पिवळट थर धरणारा आजारही पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यांकडे जातो. असा पक्षी पिसं फुगवून बसतो, पुन्हापुन्हा गिळायचा प्रयत्न करतो आणि दाणे चोचीतून गाळतो. एका भांड्यावर दिवसभरात कोण कोण पिऊन जातं, हे आपल्याला कळत नाही.

घासायची पद्धत :

मातीचं भांडं ब्लीचमध्ये बुडवू नका, माती ते शोषून घेते. काथ्या आणि वाळूने आतून, विशेषतः कडेला, जोर लावून घासा. मग उकळतं पाणी ओता आणि दिवसभर कडक उन्हात पालथं घाला. पावसाळ्यात हे भांडं नीट वाळत नाही, म्हणून पाऊस सुरू झाला की मी ते आत ठेवायलाच सांगतो. त्याऐवजी चिनीमातीची किंवा स्टीलची पसरट थाळी घ्या. ती घासून एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं ठेवा, मग वास जाईपर्यंत खळखळून धुऊन वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पाणी रोज बदला. उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी घासा, जून लागला की रोज. पाणी दोन इंचांच्या वर नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे चिमणीला पाय टेकता येतात. माझा स्वतःचा अंदाज असा आहे की सकाळचं ऊन मिळणाऱ्या आणि दुपारी सावलीत जाणाऱ्या जागी भांडं असेल तर शेवाळ उशिरा धरतं आणि पक्षीही तिथे लवकर रुळतात. एकदा जागा ठरली की ती सारखी बदलू नका.

दाण्यांचं काय? पाऊस लागला की दाणे ठेवणं बंद करा. एवढंच पाळलंत तरी पुष्कळ झालं. ओल्या दाण्याला एका रात्रीत बुरशी धरते. तिचे कण श्वासातून जाऊन पक्ष्यांच्या फुप्फुसात आजार करतात. कुबट वास येणारे शेंगदाणे तर कधीच नकोत, त्यांतल्या बुरशीचं विष यकृतावर जातं. खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदीर म्हणजे लेप्टो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. उघडीप मिळालीच तर मूठभर बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी ठेवा, तासाभरात संपेल इतकीच. संपल्यावर ताटली उचला आणि घासा. शेव, गाठ्या, पाव, चिवडा यांतलं काही नको. तेवढं मीठ लहान पक्ष्यांना झेपत नाही.

कबुतरांना दाणे टाकू नका. 2025 साली दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून झालेला वाद सगळ्यांनी पाहिला. मी वादात शिरत नाही. पण कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने माणसांच्या फुप्फुसांना होणारा आजार खरा आहे, आणि जिथे कबुतरं माजतात तिथे चिमण्यांना जागा राहत नाही, हे मी गच्चीगच्चीवर पाहिलं आहे. चिमण्यांना खायला द्यायचंच असेल तर दीड इंची चौकोनाच्या जाळीच्या पिंजऱ्यात ताटली ठेवा. चिमणी आत जाते, कबूतर बाहेर राहतं.

आता दुकानदारांबद्दल. पक्ष्यांसाठीचं महागडं मिश्रण, रंगीत फीडर, पक्ष्यांचं टॉनिक, सूर्यपक्ष्यांसाठी साखरेची पावडर, यांतल्या कशाचीही गरज नाही. साखरपाणी आपल्या हवेत काही तासांत आंबतं, त्यापेक्षा फुलझाड लावा. किराणा दुकानातली आठवड्यापुरती बाजरी त्या पाकिटापेक्षा ताजी असते. घ्याल ती वास घेऊन घ्या.

पण खरी भीती फीडरची नाही, औषधांची आहे. मेमध्ये जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. नर्सरीवाला लगेच मुळाशी टाकायला दाणेदार औषध काढून देतो. फोरेट, म्हणजे जुन्या लोकांचं थिमेट, 2020च्या अखेरीपासून देशात बंद आहे. कुणी देत असेल तर घेऊ नका. कार्बोफ्युरान हेही असंच दाणेदार औषध, त्याचा एक दाणासुद्धा चिमणीएवढ्या पक्ष्याला मारू शकतो. पक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यांना तो दाणा खड्यासारखाच वाटतो. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात, फुलातल्या मधात जातं, आणि ते फूल सूर्यपक्षी चोखतो.

त्याऐवजी पाण्याचा जोरदार फवारा मारा. जास्त उपद्रव असेल तर 1500 पीपीएमचं निंबोळी तेल लिटरला 5 मिली, सोबत थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. पाण्याचं भांडं आधी झाका. थोडा मावा राहू द्या. चिमण्या स्वतः दाणे खातात, पण पिल्लांना किडे भरवतात. शिंपी पक्षी तर दिवसभर तेच शोधत असतो. बाग अगदी निर्मळ केलीत तर पिल्लं उपाशी राहतात.

जूनमध्ये लावायची झाडं :
मधासाठी – जास्वंद, पेंटगुळ, अडुळसा, हमेलिया, रसेलिया
फळांसाठी – कढीपत्ता (बुलबुल आणि कोकिळेचा आवडता, फळं येऊ द्या, छाटू नका), तुती, सिंगापूर चेरी, तोंडली
मुनियांसाठी – एका कुंडीत गवत वाढू द्या, तुरे आल्यावर कापू नका. त्या पावसाळ्यातच घरटी करतात

चिमणीची पेटी असेल तर :
भोक 32 मिमी
बाहेर दांडी नको
तळाला पाणी निचरायला छिद्रं
तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो
पिल्लं उडून गेल्यावर जुनं घरटं काढून पेटी घासून वाळवा

पावसाआधीच्या छाटणीचीही हीच वेळ आहे. सोसायटीतलं झाड छाटायला पालिकेची परवानगी लागते, ती असली तरी फांदी उतरवण्याआधी कुणीतरी खाली उभं राहून दहा मिनिटं बघा. पक्षी चोचीत काही धरून एकाच फांदीत शिरत असेल तर तिथे पिल्लं आहेत. ती फांदी राहू द्या. धोक्याची असेल तरच काढा.

पहिल्या सरींनंतर पिल्लं खाली पडलेली दिसतील. अंगावर पूर्ण पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. त्याला मांजराच्या वाटेवरून उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. आईबाप जवळच असतात. आजारी किंवा जखमी पक्षी मात्र बुटाच्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पक्ष्यांवरही उपचार होतात, तिथे न्या. मग हात साबणाने धुवा आणि तुमच्या गॅलरीतलं दाणापाणी दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा, म्हणजे पक्षी पांगतील आणि आजार एका भांड्यावरून पुढे जाणार नाही. पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी थाळी काथ्याने घासा, ब्लीचच्या पाण्यात ठेवा, वाळवा, आणि मगच बाहेर काढा.