भाषणाला उभं राहण्यापूर्वी: नेत्यांच्या यशातून आणि फजितीतून शिकायच्या गोष्टी

18 ऑक्टोबर 2019 रोजी शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले. 22 मे 2024 रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी लंडनच्या 10, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात भर पावसातच निवडणूक जाहीर केली. पवारांचं भिजतानाचं छायाचित्र त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीची ओळख बनलं, तर सुनक यांचा चिंब कोट थट्टेचा विषय झाला. साताऱ्यात समोरचे श्रोतेही भिजत होते आणि बोलणारा त्यांच्यातलाच एक झाला होता. बोलणंही त्या भिजण्याला शोभणारं होतं: लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ती आता दुरुस्त करायची आहे. सुनक आपल्याकडे स्पष्ट योजना आहे असं सांगत होते, पण डोक्यावर साधी छत्रीसुद्धा कुणी योजलेली नव्हती. त्यातच फाटकाबाहेरून लावलेल्या गाण्याने त्यांचा आवाज झाकला जात होता.

श्रोता कानाने एक ऐकतो आणि डोळ्याने एक पाहतो. दोन्ही जुळलं की विश्वास बसतो. विसंगती असली तर तो डोळ्यावर विश्वास ठेवतो. पुढे दिलेली सगळी तयारी ही विसंगती काढून टाकण्यासाठी आहे.

आधी एक वाक्य

सभेहून घरी गेलेल्या माणसाने शेजाऱ्याला काय सांगावं, हे कागदावर एका वाक्यात लिहा. पंधरा शब्दांच्या आत बसलं नाही तर विषय अजून तुम्हालाच स्पष्ट झालेला नाही. ते वाक्य मिळाल्यावर त्याला आधार देणारे तीन मुद्दे निवडा. चौथा कितीही आवडता असला तरी पुढच्या भाषणासाठी ठेवा.

19 नोव्हेंबर 1863 रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीच्या समारंभात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन साधारण 270 शब्द, म्हणजे दोनेक मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकन यांना पत्र लिहून कबूल केलं की प्रसंगाच्या गाभ्याजवळ आपण दोन तासांत पोहोचलो नाही तेवढे तुम्ही दोन मिनिटांत पोहोचलात. उलट टोकाचं उदाहरण पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या बिल क्लिंटन यांचं. 1988 च्या पक्ष अधिवेशनात ते अर्धा तास उलटून गेला तरी थांबेनात, आणि 'शेवटी' हा शब्द त्यांच्या तोंडून येताच सभागृहाने जल्लोष केला. 'शेवटी एवढंच सांगतो' हे वाक्य भाषणात एकदाच यावं आणि त्यानंतर मिनिटभरात तुम्ही खाली बसलेले असावं.

वेळेचं गणित असं. सभेत मराठी बोलताना मिनिटाला 90 ते 110 शब्द हा ऐकायला सोपा वेग. दहा मिनिटं मिळाली असतील तर हजार शब्द लिहू नका, आठशेच लिहा. उरलेला वेळ टाळ्या, विराम आणि मध्येच सुचलेल्या एखाद्या गोष्टीत जातो. मनातल्या मनात वाचून वेळ मोजली तर ती हमखास कमी भरते. म्हणून घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने वाचा.

पाठांतर, कागद की टेलिप्रॉम्प्टर

एप्रिल 1904 मध्ये तरुण चर्चिल ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण करत असताना मध्येच धागा विसरले आणि बोलणं अर्धवट टाकून खाली बसले. त्यानंतर टिपणाशिवाय उभं राहायचं त्यांनी टाळलं. त्यांची टिपणं कवितेसारखी, छोट्या छोट्या ओळींत तोडून टंकलेली असत. जिथे ओळ तुटते तिथे श्वास, हा त्यातला हिशोब. हीच पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे.

ती अशी वापरा: वहीच्या अर्ध्या पानाएवढे जाड कागद घ्या, एकाच बाजूला लिहा, अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं ठेवा. एका ओळीत चार ते सहा शब्द. पानाचा खालचा तिसरा भाग कोरा सोडा, कारण तिथलं वाचताना हनुवटी छातीला टेकते, आवाज दबतो आणि समोरच्यांना फक्त डोकं दिसतं. प्रत्येक कागदावर ठळक आकडा टाका, पण कागद टाचू नका. पानं उलटल्याचा आवाज माईक पकडतो. वाचून झालेला कागद बाजूला सरकवणं पुरे. पहिली चार आणि शेवटची तीन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. त्या वेळी डोळे श्रोत्यांवर असायलाच हवेत.

टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे समोरच्या काचेवर भाषणाचा मजकूर सरकत दाखवणारं यंत्र, मिळाला तरी कागद हातात ठेवा. 22 सप्टेंबर 1993 रोजी अमेरिकी संसदेत आरोग्यसेवेवर बोलायला उभ्या राहिलेल्या क्लिंटन यांच्यासमोर काचेवर भलतंच, जुनं भाषण सरकू लागलं. चूक दुरुस्त होईपर्यंत काही मिनिटं ते त्याशिवाय बोलले आणि लोकांना पत्ताही लागला नाही. मुद्दे पक्के असल्यामुळेच ते निभावलं. काच दोन बाजूंना असते, म्हणून नवखा माणूस टेनिसचा सामना पाहिल्यासारखी मान फिरवतो. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी काच सोडून थेट समोर पाहिलं की हे मोडतं.

आवाज आणि माईक

घाबरल्यावर मानेचे आणि गळ्याचे स्नायू आखडतात. आवाज चढतो, वेग वाढतो, श्वास वरच्या वर घेतला जातो. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी सत्तेत येण्यापूर्वी प्रशिक्षण घेऊन आपला उंच आवाज खालच्या पट्टीत आणला. त्यांच्याइतकी मेहनत प्रत्येकाला नको, पण दोन गोष्टी सगळ्यांना जमतात. बोलण्याच्या दहा मिनिटं आधी तोंड मिटून, ओठांना कंप जाणवेल असं हलकेच गुणगुणा. मग उभं राहिल्यावर पहिल्या शब्दाआधी पूर्ण श्वास सोडा, नवा श्वास आपोआप पोटापर्यंत जातो. पहिलं वाक्य ठरवून संथ आणि खालच्या पट्टीत टाका. पट्टी तिथेच बसते. पाणी साधं हवं, आणि झाकण काढलेलं. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचं ऑक्टोबर 2017 मधलं पक्षाच्या अधिवेशनातलं भाषण खोकल्याने गिळलं आणि त्याच वेळी मागच्या घोषवाक्याची अक्षरंही गळून पडू लागली. आदल्या दिवशी आवाजाला विश्रांती आणि सभेआधी मागच्या फलकाला हात लावून पाहणं, या दोन्ही कंटाळवाण्या गोष्टी कराव्याच लागतात.

माईक तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली आणि तोंडाकडे तिरका. अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' या अक्षरांची हवा त्यावर आदळते आणि धप्प असा आवाज येतो. हातातल्या माईकची जाळी मुठीत झाकू नका; त्याने शिट्टी सुरू होते. माईक स्पीकरच्या पुढ्यात नेला तरी तेच होतं, कारण स्वतःचाच आवाज तो पुन्हा उचलून फिरवत राहतो. फुंकर मारून किंवा टिचक्या देऊन माईक तपासणं सोडा. तो आधी तपासलेला असावा, आणि तपासताना तुम्ही ज्या जोराने बोलणार त्याच जोराने बोलावं.

मोकळ्या मैदानात आणखी एक अडचण असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटरवरच्या कर्ण्यातून तुमचा शब्द तुमच्याकडे परत यायला जवळपास एक तृतीयांश सेकंद लागतो. घाईने बोललात तर तुमचंच मागचं वाक्य पुढच्या वाक्यावर चढतं आणि मागे बसलेल्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो. मैदानात वाक्यं छोटी हवीत आणि प्रत्येक वाक्यानंतर सेकंदभर थांबायला हवं.

ओरडण्याबद्दल हॉवर्ड डीन यांचा अनुभव प्रत्येक वक्त्याने ध्यानात ठेवावा. 19 जानेवारी 2004 रोजी अमेरिकी अध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत उमेदवारीच्या लढतीत आयोवा राज्यात तिसरे आल्यावर ते उत्साही कार्यकर्त्यांच्या प्रचंड गलक्यात बोलले. हातातला माईक आजूबाजूचा आवाज वगळून फक्त बोलणाऱ्याचा आवाज घेणारा होता. सभागृहात त्यांचं ओरडणं गर्दीत मिसळून गेलं, पण दूरचित्रवाणीवर गर्दी ऐकूच आली नाही. ऐकू आली ती एका माणसाची किंकाळी. ती दिवसेंदिवस दाखवली गेली. म्हणून आवाज गर्दीच्या मापाने काढू नका, माईकच्या मापाने काढा. गलका वाढला की थांबा, तो ओसरला की बोला.

थांबणं

अटलबिहारी वाजपेयींचा विराम सगळ्यांना आठवतो आणि त्याची नक्कल करणारे बहुतेक जण फसतात. वाजपेयी थांबायचे ते विचार अशा टोकाला आणून की पुढचं काय हे श्रोता स्वतःशीच शोधू लागे. नक्कल करणारा कुठेही थांबतो, त्यामुळे तो विसरला असं वाटतं. विरामाच्या जागा तीनच पुरेत: महत्त्वाच्या वाक्याआधी, त्यानंतर, आणि एक मुद्दा संपून दुसरा सुरू होताना. लांबी दोन ते तीन सेकंद. तुम्हाला ती युगासारखी वाटेल, श्रोत्याला जेमतेम पुरते. त्या वेळात हालचाल नको, 'अं' नको, कागदाकडे पाहणं नको. टिपणात या जागी दोन उभ्या रेघा ओढून ठेवा.

बाळासाहेब ठाकरे यांची 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' ही ठरलेली सुरुवात याच दृष्टीने ऐका. लोक त्या शब्दांची वाट पाहत आणि टाळ्यांनी उत्तर देत. तेवढ्यात बोलणाऱ्याला माईकचा अंदाज येतो, श्वास बसतो, सभेचा नूर कळतो. तुमचीही एखादी साधी, नेहमीची सुरुवात असू द्या. मंचावरच्या पंधरा जणांची नावं वाचणं ही सुरुवात नव्हे. श्रोता सर्वांत ताजा असतो ती दोन मिनिटं त्यात वाया जातात. नावं घ्यायचीच असतील तर मुद्द्यांच्या ओघात घ्या.

कॅमेरा सुरू असतोच

अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या 26 सप्टेंबर 1960 च्या दूरचित्रवाणीवरील वादात निक्सन आजारपणातून नुकतेच उठले होते, वजन घटलेलं होतं, चेहऱ्यावर घाम होता आणि फिकट करडा सूट मागच्या भिंतीत मिसळत होता. केनेडींचा गडद सूट उठून दिसला. म्हणून कपड्याचा रंग ठरवण्याआधी मागच्या पडद्याचा रंग विचारा. बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा, पडद्यावर त्या थरथरतात. घामासाठी रुमाल कागदांच्या शेजारी ठेवा. खिसे चाचपणं वाईट दिसतं.

15 ऑक्टोबर 1992 रोजी अशाच वादात एक मतदार प्रश्न विचारत असताना थोरले बुश यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या उत्तरापेक्षा ते पाहणंच लोकांच्या लक्षात राहिलं. 2000 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर वादात प्रतिस्पर्धी बोलताना उसासे टाकत राहिले, तेही असंच अंगाशी आलं. दुसरा बोलत असताना त्याच्याकडे पाहा, तोंड मिटलेलं ठेवा, फोन खिशात. घड्याळ काढून टिपणाशेजारी ठेवा, म्हणजे नजर फार हलत नाही. आणि कॉलरचा माईक खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी काढून द्या. 28 एप्रिल 2010 रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन तो लावूनच गाडीत बसले आणि नुकत्याच भेटलेल्या मतदार महिलेबद्दलचे त्यांचे कडवट शब्द देशभर ऐकवले गेले.

फोनवर चित्रफीत करताना कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, हातभर दूर, उजेड समोरून. पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही, भिंगाकडे पाहा. आणि एकाच माणसाशी बोला. 12 मार्च 1933 रोजी, बँका बंद ठेवाव्या लागल्या असताना, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बँका कशा चालतात हे समोर बसलेल्या एकाला समजावल्यासारखं बोलले. बँका उघडल्यावर लोकांनी काढलेले पैसे परत आणून ठेवले.

पोशाखाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गांधीजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला तो कामाशी जुळणारा होता म्हणून टिकला. जानेवारी 2015 मध्ये नरेंद्र मोदींनी घातलेल्या, स्वतःचं नाव विणलेल्या सुटावरून विरोधकांना 'सूट-बूट की सरकार' ही टीका सुचली आणि सूट पुढच्याच महिन्यात लिलावात गेला. 1988 मध्ये अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार मायकल डुकाकिस शिरस्त्राण घालून रणगाड्यात बसले आणि विरोधकांनी तेच दृश्य जाहिरातीत वापरलं. जे रोज घालत नाही ते कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा घालू नका.

अवघड प्रश्न आणि माफी

विचारले जाऊ नयेत असे वाटणारे पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचं तीस सेकंदांचं उत्तर मोठ्याने म्हणून पाहा. 1984 मध्ये पुन्हा निवडणूक लढवणाऱ्या 73 वर्षांच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांना वयाबद्दल विचारणार हे उघड होतं. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा आपण घेणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा प्रतिस्पर्धी माँडेलसुद्धा हसले. आरोपाचे शब्द मात्र स्वतःच्या तोंडात घेऊ नका. 'मी लबाड नाही' अशा अर्थाचं निक्सन यांचं नोव्हेंबर 1973 मधलं वाक्य आजही त्यांच्याविरुद्धच सांगितलं जातं. उत्तरात काय केलं नाही ते नको, काय केलं ते सांगा.

चूक झाली असेल तर तीन वाक्यं: काय चुकलं, जबाबदारी माझी, आता अमुक करतो. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' यातला 'असल्यास' माफी परत घेतो. स्पष्टीकरण जोडलंत की ऐकणाऱ्याला फक्त स्पष्टीकरण ऐकू येतं.

भाषणाची चित्रफीत दुसऱ्या दिवशी पाहा, त्याच रात्री नको. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून फक्त हात, मान आणि डोळे पाहा. दुसऱ्यांदा पडदा झाकून फक्त ऐका आणि 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं ते कागदावर रेघा मारून मोजा. सर्वांत जास्त रेघा ज्या शब्दासमोर असतील तेवढाच एक शब्द पुढच्या भाषणात टाळायचा.