माजी सैनिकाचा टपाल खात्यातला अर्ज: वयाचं गणित कसं करायचं

इंदूरच्या मराठी घरांतले पेन्शन आलेले हवालदार-नायक ‘टपालात जागा निघाली’ म्हटलं की हमखास ग्रामीण डाक सेवकाचा अर्ज भरतात. घोळ तिथूनच सुरू होतो. त्या जागांना माजी सैनिकांचं आरक्षण नसतं, वयाची मर्यादा ४० आणि निवड दहावीच्या गुणांवर. शिवाय ती केंद्र सरकारची नियमित नोकरीही नव्हे.

माजी सैनिकांचा कोटा मिळतो तो नियमित गट ‘क’ पदांना (म्हणजे कारकून, पोस्टमन अशा दर्जाच्या पदांना), १० टक्के. जाहिरातीत टपाल सहायकाचं पद आहे का, हे आधी पाहावं.

वयाचं गणित असं: आजच्या वयातून लष्करी सेवेची वर्षं वजा करायची. जे उरेल ते कमाल मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नसावं. वय ४२, सेवा १७, उरले २५. मर्यादा २७ असेल तर अर्ज बिनधास्त भरा. पुष्कळजण ४२ हा आकडा बघूनच नाद सोडतात! वय जाहिरातीतल्या तारखेला मोजायचं, अर्ज भरता त्या दिवशी नाही.

पदवी नाही? १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला सैन्याचं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं, ते गट ‘क’ला चालतं.

डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेली सेवेची नोंदवही) आणि दहावीची गुणपत्रिका यांत नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख जुळवून घ्या. कागद तपासताना अर्ज अडतो तो इथेच. आणि रुजू होताना, आधी कुठेकुठे अर्ज केलेत त्याची तारीखवार यादी लगेच लिहून द्या. नाही दिली तर पुढच्या नोकरीसाठी कोटा संपला.