मुक्तस्रोत प्रकल्पांत डिझायनरने काम कसे करावे, आणि ते वर्गात कसे शिकवावे

डिझाइनचे विद्यार्थी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळतात तेव्हा बहुतेकांच्या हातून पहिली चूक एकच होते. सुट्टीत बसून ते एखाद्या नावाजलेल्या प्रकल्पाचा अख्खा इंटरफेस नव्याने रेखाटतात, पंधरा-वीस देखणे स्क्रीन प्रकल्पाच्या पानावर टाकतात आणि कौतुकाची वाट पाहतात. उत्तर येते ते आभाराचे, आणि काही आठवड्यांनी चर्चा बंद झालेली दिसते. यात कोणाचा आकस नसतो. त्या स्क्रीनसाठी भरपूर कोड बदलावा लागणार असतो, अनेक भाषांतील भाषांतरे आणि मदतीची पाने पुन्हा लिहावी लागणार असतात, आणि हे करणाऱ्यांपैकी पुष्कळजण नोकरी सांभाळून रात्री तास-दोन तास काढणारे असतात. म्हणून सुरुवात एका लहान आणि दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा निरीक्षणापासून करावी, असे माझे मत आहे.

प्रकल्प शक्यतो आपण स्वतः रोज वापरतो तोच निवडावा. इंकस्केप (रेखाटनासाठी), लिबरऑफिस (कार्यालयीन कामासाठी), वर्डप्रेस (संकेतस्थळांसाठी), ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांसाठी) यांपैकी काही ना काही अनेकांच्या वापरात असते. निवड पक्की करण्यापूर्वी शेवटचा बदल कधी झाला ते पाहावे, सहभागाचे नियम सांगणारी ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल वाचावी, आणि डिझाइनविषयीचे दहा जुने, बंद झालेले इश्यू (अडचणींच्या किंवा सूचनांच्या जाहीर नोंदी) शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढावेत. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, नकार कसा देतात, कोणत्या कारणांना मान देतात आणि डिझाइनचा निर्णय नेमका कोण घेते, हे त्या दहा चर्चांतून जितके कळते तितके कोणत्याही स्वागतपर मजकुरातून कळत नाही.

मराठी वाचणाऱ्या डिझायनरला पहिले निरीक्षण शोधायला लांब जावे लागत नाही. सॉफ्टवेअरची भाषा मराठी करावी आणि तासभर नेहमीचे काम करावे. इंग्रजीतल्या ‘अनडू’ (Undo) या शब्दाची चारही अक्षरे ओळीच्या खाली उतरत नाहीत, त्यामुळे ज्याने बटणाची उंची अक्षरांना घट्ट बसवली त्याला काहीच चुकलेले दिसले नाही. त्याच बटणावर ‘पूर्ववत करा’ आले की ‘पू’चा दीर्घ उकार खालून कापला जातो, वरचा रफार कडेला घासतो, आणि वाचणाऱ्याला ‘पर्ववत’ असे काहीतरी दिसते. शीर्षकांतली अक्षरे लांब लांब ठेवण्याची रोमन लिपीतली लकब देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. शीर्षक केवळ मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी वेगळे दाखवले असेल, तर देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे ते शीर्षक भोवतालच्या मजकुरात विरघळून जाते. या तिन्ही गोष्टी इंग्रजी, जर्मन किंवा स्पॅनिश वापरणाऱ्या मेंटेनरला कधीच दिसणार नाहीत. त्या दाखवून देणे हे खरे डिझाइनचे काम आहे, आणि त्यासाठी कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

दिसलेली अडचण लिहायची कशी, हा या कामातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी शिकवला जाणारा भाग आहे. आधी तीच तक्रार कोणी नोंदवली आहे का ते शोधावे. असेल तर नवा इश्यू न उघडता तिथेच आपली भर घालावी. नसेल तर एका इश्यूत एकच अडचण मांडावी. ‘मराठीत इंटरफेस वाईट दिसतो’ हे शीर्षक निरुपयोगी आहे. ‘मराठी भाषा निवडल्यावर साधनपट्टीवरील बटणांतील उकार कापले जातात’ हे शीर्षक वाचूनच मेंटेनरला फाइल कोणती उघडायची याचा अंदाज येतो. त्याखाली सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट, अडचण पुन्हा घडवून पाहण्याच्या तीन-चार पायऱ्या, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे लिहावे आणि कापलेला भाग खुणेने दाखवणारा स्क्रीनशॉट जोडावा. देवनागरी न वाचणाऱ्यासाठी योग्य आणि अयोग्य अशी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत, कारण ‘पू’ आणि ‘प’ यांत फरक आहे हेच त्याला ठाऊक नसते. उपाय माहीत असेल तर तोही एका वाक्यात सुचवावा: ओळीची उंची वाढवा, किंवा देवनागरी भाषांसाठी अक्षरांमधले जादा अंतर शून्य करा.

असे चार-पाच इश्यू मार्गी लागले की प्रकल्पातली माणसे तुम्हाला ओळखू लागतात. त्यानंतर मोठ्या प्रश्नाला हात घालावा, पण तेव्हाही आपल्या आवडीनिवडीवर विसंबू नये. पाच जणांना तेच एक काम करायला सांगावे, शेजारी बसावे आणि तोंड बंद ठेवावे. पाच वापरकर्त्यांत बहुतेक अडचणी उघड होतात, हा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशेब सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही. तरी शून्य आणि पाच यांतला फरक मोठा असतो. ज्यांना पाहिले त्यांची परवानगी घ्यावी, आणि निरीक्षणे जाहीर ठिकाणी जाणार असल्यामुळे त्यांची नावे आणि चेहरे वगळावेत.

प्रस्ताव मांडताना एकच सुबक चित्र देण्यापेक्षा दोन पर्याय द्यावेत आणि प्रत्येकाची किंमत सांगावी. रिकामी यादी, चूक झाल्यावरचा संदेश, फार लांब नाव या अवस्था रेखाटल्या नाहीत तर त्या प्रोग्रामरला स्वतःच्या मनाने कराव्या लागतात, आणि मग डिझायनर कुरकुरत बसतो. अंतरे आणि रंग चित्रात दडवून न ठेवता मजकुरात लिहावेत. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) राहतो का ते मोजावे. फाइल एसव्हीजीसारख्या खुल्या स्वरूपात द्यावी, किंवा पेनपॉटसारख्या स्वतः मुक्तस्रोत असलेल्या साधनात करावी, म्हणजे पुढच्या माणसाला ती उघडण्यासाठी महागडा परवाना घ्यावा लागत नाही. चिन्हे किंवा चित्रे देताना प्रकल्पाचा परवाना कोणता आहे आणि आपले काम त्याखाली द्यायला आपली तयारी आहे का, हेही आधीच ठरवावे.

जुन्या वापरकर्त्यांचा विचार प्रस्तावात स्वतंत्रपणे आला पाहिजे. ब्लेंडरमध्ये पूर्वी वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण वापरावे लागे आणि नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला अडखळे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीत डावे बटण ही मूळ व्यवस्था झाली, पण उजव्या बटणाची सवय असलेल्यांसाठी तो पर्याय सेटिंगमध्ये कायम ठेवला गेला.

टीका कामी येतच नाही असेही नाही. म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची मार्टिन कीरी यांनी २०१९ मध्ये एका व्हिडिओत सविस्तर चिरफाड केली. पुढे त्यांच्याकडेच त्याच्या डिझाइनची सूत्रे आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. मात्र ते स्वतः संगीतकार आहेत आणि त्यांची टीका एकेका कृतीला धरून होती, हे विसरून अनेकजण त्यांच्या फक्त सुराचे अनुकरण करतात.

प्रस्ताव मान्य झाला तरी काम संपत नाही. तो कोडमध्ये उतरवायला कोण तयार आहे हे चर्चेतच विचारावे, पुल रिक्वेस्ट (केलेला बदल प्रकल्पात सामावून घेण्याची विनंती) आली की बदल स्वतः चालवून पाहावा आणि मूळ हेतू कुठे सुटला असेल ते नम्रपणे लिहावे. शब्दातली चूक किंवा रंगाची किंमत एवढाच बदल असेल तर गिटहब या प्रकल्पांचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ती फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक केले की ब्राउझरमधूनच पुल रिक्वेस्ट पाठवता येते. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या आज्ञांना घाबरून डिझायनर उगाच दूर राहतात.

आता शिकवण्याविषयी. शिक्षकाने पहिली काळजी ही घ्यावी की चाळीस विद्यार्थी एकाच दिवशी एका लहान प्रकल्पावर तुटून पडणार नाहीत. मुक्तस्रोत प्रकल्पांत सहभाग वाढावा म्हणून दर ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली बक्षीस मिळणाऱ्या टी-शर्टच्या मोहापायी निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की आयोजकांना महिना संपण्याच्या आतच नियम बदलून, संमती दिलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. म्हणून मेंटेनरना आधी लिहून विचारावे, तीन-चार प्रकल्पांत विद्यार्थ्यांची विभागणी करावी, आणि पहिले दोन आठवडे वर्गाच्या स्वतःच्या सराव-रेपॉझिटरीवरच (सरावासाठी केलेल्या प्रकल्पाच्या साठ्यावर) इश्यू लिहून घ्यावेत. तिथे एकाने लिहिलेला इश्यू दुसऱ्याने केवळ मजकुरावरून पुन्हा घडवून दाखवायचा. घडला नाही तर लिहिणाऱ्याने तो नव्याने लिहायचा. हा सराव विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटतो, तरी मी तो सोडत नाही.

इंग्रजीची भीती हा आपल्या मुलांचा खरा अडसर आहे. त्यांना मुद्दा आधी मराठीत, बोलल्यासारखा लिहायला सांगावा आणि मग लहान इंग्रजी वाक्यांत उतरवायला लावावा. थेट इंग्रजीत लिहायला बसवले की मुद्दा राहतो बाजूला आणि औपचारिक शब्दांची आरास तेवढी होते. गुण देताना बदल स्वीकारला गेला की नाही हे पाहू नये, कारण ते विद्यार्थ्याच्या हातात नसते. निरीक्षणाचा नेमकेपणा आणि आक्षेपांना दिलेली उत्तरे पाहावीत. मोबदल्याविषयीही स्पष्ट बोलावे. हे काम बहुधा विनामूल्य असते, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांना आउटरीचीसारख्या, मानधन देणाऱ्या तीन महिन्यांच्या इंटर्नशिपची माहिती द्यावी. तिच्यात डिझाइनचेही प्रकल्प असतात.

सत्र संपले तरी निम्म्याहून अधिक इश्यू उघडेच राहतात, आणि मेंटेनरचा प्रश्न येतो तेव्हा विद्यार्थी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतींत गुंतलेला असतो. म्हणून शेवटच्या तासाला प्रत्येकाकडून त्याच्या उघड्या इश्यूंची यादी, चर्चा कुठवर आली आहे याच्या दोन ओळींसह, लिहून घ्यावी आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला पहिल्या दिवशी तीच यादी वाटावी.