विंडोज नव्याने टाकण्याआधी

फॉरमॅट मारायचं ठरलं की हात आधी पेन ड्राइव्ह शोधायला जातो. तो राहू द्या. पहिल्या संध्याकाळी मशीन नुसतं चाळा. फोटो, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळ्यांनाच आठवतात. फसवतो तो डेस्कटॉप. एकदा मी अख्खा डेस्कटॉप कॉपी करून निर्धास्त झालो, नंतर बघतो तर हिशेबाची फाइल जेमतेम दोन केबीची. आयकॉनच्या कोपऱ्यात बारीक बाण होता, म्हणजे तो नुसता शॉर्टकट. खरी फाइल डी ड्राइव्हवर होती, आणि उत्साहाच्या भरात तोही पुसून झाला होता. तेव्हापासून बॅकअपमधल्या पाच-सहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) असेल तर फायलीशेजारी ढगाचं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर ती फाइल डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे.

मग ॲपडेटा, म्हणजे प्रोग्राम आपापली माहिती ठेवतात ते फोल्डर. हे लपवलेलं असतं, म्हणून विसरतं. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची सगळी मेल त्यातच असते. ब्राउझरचं फोल्डर उचलून नेलं की पासवर्डही आले, असं मात्र समजू नका. क्रोमचे पासवर्ड त्या विंडोज खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात, नव्या विंडोजवर उघडत नाहीत. आधी ते गूगल खात्यात सिंक करा, नाहीतर फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. टाकलेल्या प्रोग्रामांच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला की ते काम संपलं.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे आजच पाहा. आपण कधी चालू केलं नाही म्हणून बंदच असेल असं नाही. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जरा हात घातला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कागदावर उतरवून घ्या, त्याच मशीनवर ठेवून काय उपयोग?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा एवढा खटाटोप करून पुन्हा तेच टाकण्यात अर्थ नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षा चिप लागते, ती बायोसमध्ये नुसती बंद ठेवलेलीही असू शकते.

आता विंडोजचा इन्स्टॉलर ठेवायला पेन ड्राइव्ह. किमान ८ जीबीचा, आणि त्यावरचं सगळं जाणार हे धरून. इन्स्टॉलर तयार झाला की त्यातच वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, कारण सेटअप मध्येच इंटरनेट मागतो आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकायला होतं. काही इंटेल लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही; डिस्क मेली म्हणून घाबरू नका, स्टोरेजचा ड्रायव्हर हवा असतो. तोही अनझिप करूनच ठेवा.

चार्जर लावा. बॅकअपची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. पार्टिशनच्या पडद्यावर नुसतं ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ दिसतं, आणि डिलीट दाबल्यावर कुठली आपली होती हे तिथे कोणी विचारत नाही.