आयर्लंडच्या ओल्या जमिनीतील बटाटा: लावणी आणि करप्याची काळजी

आयर्लंडच्या पश्चिमेकडील गॉलवे, मेयो आणि डोनेगल या भागांत घरच्यापुरता बटाटा लावण्याची वेळ परंपरेने सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे १७ मार्चच्या सुमारास धरली जाते. मात्र मुठीत दाबलेली माती चिखलासारखी चिकटत असेल तर तिथीसाठी घाई करू नये, कारण गार आणि चिंब जमिनीत बेणे उगवण्याआधीच सडू लागते. लवकर येणाऱ्या वाणांचे प्रमाणित बेणे लावणीच्या सुमारे सहा आठवडे आधी उजेडाच्या, थंड पण बेणे गोठणार नाही अशा जागी डोळे वर करून मांडावे, म्हणजे आखूड आणि जाड कोंब येतात.

पाणी साचणाऱ्या जागी जुनी उंच वाफ्यांची पद्धत आजही उपयोगी आहे. सुमारे तीन-चार फूट रुंदीचा गवताळ पट्टा न खणता तसाच ठेवतात, त्यावर शेणखत किंवा किनाऱ्यावरून आणलेले समुद्री शेवाळ पसरून बेणे मांडतात, आणि दोन्ही बाजूंच्या चरांतील गवतासकट माती ‘लॉय’ नावाच्या अरुंद फावड्याने उलटी करून त्यावर घालतात. गवत आतच कुजून खत होते आणि जादा पाणी चरांतून वाहून जाते. इंग्रजीत यांना ‘आळशी वाफे’ म्हणतात. इतक्या कष्टाच्या कामाला हे नाव अन्यायकारक आहे, असे आम्हाला वाटते. शेवाळ हिवाळ्यातच पसरावे, म्हणजे त्यातील मीठ पावसाने धुऊन जाते.

खरी कसोटी जूननंतर लागते. १८४५ साली ज्या करप्याने इथले पीक नासले आणि पुढे लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने गेली, तोच रोग आजही उबदार, दमट हवेत पसरतो. ‘मेट एरिन’ या हवामान सेवेचा करप्याचा इशारा आला की पाने काळी पडण्याची वाट न पाहता मान्यताप्राप्त बुरशीनाशक लेबलवरील मात्रेनुसार फवारावे. पूर्वी यासाठी मोरचूद आणि धुण्याचा सोडा वापरत. गेल्या हंगामातील आपोआप उगवलेली रोपे आणि उकिरड्यावर टाकलेले बटाटे आधीच नष्ट करावेत, कारण रोगाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. पाला करपलाच तर तो कापून शेताबाहेर न्यावा, आणि काढणी दोन-तीन आठवडे थांबवावी, म्हणजे साल पक्की होते व मातीवरील बीजाणू कंदांना लागत नाहीत.